स्प्रिंट कोण मारेल, आणि घोळका कुठे पडेल?

कराडहून एका ताईंचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला. जुलैत टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बघत एक्सेलमध्ये अंदाज मांडतो. सात सपाट टप्प्यांपैकी तीन टप्प्यांचे विजेते बरोबर आले. आता म्हणतो, स्प्रिंटचा, म्हणजे रेषेजवळच्या शेवटच्या धडकेचा निकाल आणि अपघाताचा धोका सांगणं हेच काम करणार. वडिलांना यात सट्ट्याचा वास येतो. करिअर आहे का, आणि बारावीनंतर काय घ्यावं?

ताई, नमस्कार.

सातपैकी तीन वाईट नाहीत. पण ‘मागचा स्प्रिंट ज्यानं मारला तोच हाही मारेल’ असं डोळे झाकून लिहिलं असतं तर किती जमले असते, ते त्याला आधी मोजू द्या. या आळशी अंदाजाला त्याची शीट हरवत नसेल, तर तिच्यात मेहनत आहे, माहिती नाही.

स्प्रिंटमध्ये नुसते पाय बघून भागत नाही. ताशी ७० किमी म्हणजे सेकंदाला साधारण साडेएकोणीस मीटर; शेवटचे २०० मीटर दहा सेकंदांत संपतात. एक सेकंद कोंडलेला स्प्रिंटर तिथंच हरतो. म्हणून आधीच्या शर्यतींत शेवटच्या वळणातून तो कितवा बाहेर पडला, पुढे ओढायला संघातले किती सहकारी उरले, आणि आज वारा कुठून आहे, हे रकाने हवेत. समोरून वारा असेल तर उशिरा सुटणारा फायद्यात, कारण आधी सुटणारा बाकीच्यांसाठी वारा कापत बसतो. पाठीमागून असेल तर लवकर सुटणाऱ्याला गाठणं अवघड.

अपघाताचं गणित वेगळं आहे, आणि खरं काम तिथंच आहे. कोण पडेल हे कुणी सांगू शकत नाही. कुठला शेवट धोक्याचा, हे सांगता येतं. २०२० च्या टूर ऑफ पोलंड शर्यतीत कातोवित्से शहरातला शेवट उताराचा होता, वेग ताशी ८० किमीच्या घरात. स्प्रिंटर ग्रुनवेगननं आपली सरळ रेषा सोडली, शेजारचा स्प्रिंटर याकोबसेन बॅरिकेडवर आदळून गंभीर जखमी झाला. ग्रुनवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली. चूक त्याची होतीच, पण उतार आणि बॅरिकेड आदल्या दिवशीही तिथंच होते.

नियमसुद्धा धोका हलवतात. सपाट टप्प्यात शेवटच्या ३ किमीत कुणी पडला तर त्याला त्याच्या घोळक्याचीच वेळ मिळते. त्यामुळे एकूण विजेतेपदाचे दावेदार ती खूण येईपर्यंत पुढे घुसून राहतात, आणि स्प्रिंटच्या संघांशी त्यांची गर्दी त्याच्या अलीकडेच होते. काही टप्प्यांत ही हद्द ५ किमीपर्यंत नेण्याची मुभा आता आहे. ही हद्द शीटमध्ये नसेल, तर वेगवेगळे टप्पे एकाच मापानं मोजले जातात.

नवशिके अडकतात ते तीन ठिकाणी. निकालपत्रात शर्यत सोडणारे दिसतात. पडून, उठून शर्यत पूर्ण करणारे दिसत नाहीत, त्यासाठी चित्रण बघून हातानं नोंद करावी लागते. दुसरं, ‘पुढच्या घोळक्यात किती स्प्रिंटर उरले’ हे शर्यत संपल्यावर कळतं. ते आधीच्या अंदाजात वापरलं की मॉडेल कागदावर हुशार दिसतं आणि प्रत्यक्षात आपटतं. म्हणून जुन्या हंगामांवर शिकवायचं आणि पुढच्या हंगामावर तपासायचं. सगळे हंगाम पत्त्यांसारखे एकत्र पिसून वाटायचे नाहीत. तिसरं, अपघात विरळा असल्यानं ‘होणार नाही’ एवढंच म्हणणाराही बहुतेक वेळा बरोबर ठरतो. अचूकतेची टक्केवारी सोडा, ब्रायर स्कोअर, म्हणजे अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग काढा: ३० टक्के म्हटलं आणि अपघात झाला तर ०.७ चा वर्ग, ०.४९, झाला नाही तर ०.३ चा वर्ग, ०.०९. सरासरी जितकी कमी तितकं चांगलं.

सरावाला फ्रान्स कशाला? विद्यानगरच्या बाजूचा ३ किमी रस्ता घ्यावा, पहाटे वर्दळ नसताना दर १०० मीटरला रुंदी, चढ-उतार, वळणं, गतिरोधक, दुभाजक लिहावेत आणि प्रत्येक तुकड्याला धोक्याचा आकडा द्यावा. मित्रानं तेच स्वतंत्रपणे करावं. दोघांचे आकडे फार वेगळे आले, तर व्याख्या ढिली आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर माझं मत स्टॅटिस्टिक्सच्या बाजूनं. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करून पुढे एम.एस्सी.; गणित पक्कं असेल तर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यावी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगही चालेल, पण संभाव्यता वेगळी शिकावी लागेल. सोबत पायथन किंवा आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा. आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस डेटा सायन्स घरून, दुसऱ्या पदवीबरोबर करता येतो.

नोकरीचं गोड बोलत नाही. पुरुषांचे वर्ल्डटूर, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतले सायकल संघ जेमतेम १८, विश्लेषकांच्या जागा त्याहून विरळ. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, तरी तेवढ्यानं आपल्याकडे पगारी जागा उघडत नाहीत. पण हेच गणित विम्यात, ॲक्च्युअरीच्या, म्हणजे विम्याची जोखीम मोजण्याच्या कामात आणि रस्ते सुरक्षेत लागतं. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले की त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात. म्हणजे माणसं पडल्यावर मोजायचं. पडण्याआधी खंबाटकीच्या वळणाचा आकडा कुणी मांडला, तर त्याला काम मिळेल.

वडिलांची भीती अगदीच गैर नाही. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, आणि संघात काम करणाऱ्यांना शर्यतींवर पैज लावायला नियमानंच मनाई आहे. शीटमध्ये रुपयांचा रकाना दिसला तर शीट बंद करायला सांगा. तो नसेल, तर बारावीची परीक्षा होईपर्यंत रविवारचे दोन तास तिला द्यायला हरकत नाही.