घरात दोन मांजरं आहेत, टेबलावर छोटा कॅक्टस ठेवला तर चालेल का? तो विषारी असतो का?

विषारी नसतो. छोटा काटेरी मॅमिलेरिया, लाल-पिवळ्या डोक्याचे कलमी कॅक्टस, ख्रिसमस कॅक्टस, यातलं काही चावून मांजर मरत नाही. फार तर ओकेल. ‘काटे आहेत म्हणजे विष असणारच’ असं म्हणणारी माणसं मात्र घरोघरी असतात. आमच्याकडे जाऊबाई आहेत.

बोका घरी आला तेव्हापासून त्यांचा माझ्या मॅमिलेरियावर डोळा. “फेकून दे गं ते काटेरी, मुक्या जिवाच्या डोळ्यात जाईल.” बोक्याने एकदा नाक लावलं, टोचलं, परत त्या खिडकीकडे फिरकला नाही. मग जाऊबाईंनी स्वतःच एक कुंडी आणली. सशाच्या कानांसारखी चपटी पानं, त्यावर सोनेरी मखमली ठिपके. “हा बघ, याला काटेच नाहीत!” अहो, हा फड्या निवडुंगाच्याच जातीतला. त्या एकेका ठिपक्यात केसाहून बारीक कुसळांचा झुबका असतो आणि प्रत्येक कुसळाला उलटे दाते. मी हे सांगितलं. “तुझं आपलं काहीतरीच.”

कुंडी हॉलमध्ये, बोक्याच्या उंचीवर. लांब काट्याला तो गाल घासत नाही, मखमलीला घासतो. संध्याकाळी लाळ गळायला लागली, पंज्याने गाल ओरबाडणं सुरू. मांजर जिभेने अंग साफ करतं, त्यामुळे केसांत अडकलेलं सगळं तोंडात गेलेलं. डॉक्टरांनी भूल दिली, भिंग घेतलं. उजेड तिरका पडला की जिभेवर कुसळं चमकायची, सरळ पडला की काहीच दिसायचं नाही. चिमट्याने एकेक काढली. आणि जाऊबाई शेजारी उभ्या राहून म्हणतात, “बघ, मी म्हणत होते ना, कॅक्टस विषारीच!”

तर ठेवा, पण लांब ठसठशीत काट्यांचा ठेवा आणि कुंडी जड घ्या. मऊ दिसणारा आणूच नका. काटा डोळ्यात गेला किंवा तोंडात रुतला तर घरी उपटत बसू नका, डॉक्टर गाठा.

हो, एक राहिलं. कॅक्टस म्हणून विकलं जाणारं सगळं कॅक्टस नसतं. पेन्सिल कॅक्टस म्हणजे शेर, तो युफोर्बिया, कॅक्टसच्या कुळातला नव्हेच. त्याचा चीक तोंड आणि डोळे पोळवतो. पण नुसत्या चिकावर जाऊ नका, काही मॅमिलेरियांनाही पांढरा चीक येतो. काटा निघतो तिथे लोकरीची बारीक गादी असेल तर कॅक्टस, नसेल तर दुकानातच सोडा. कोरफड आणि कलांचोही मांजराच्या तोंडाला लागू देऊ नका.

आणि लिली! तिने मांजराच्या किडन्या जातात. अंगावर पडलेले परागकण चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी पुरे. जाऊबाई दर सणाला हॉलमध्ये लिलीच सजवायच्या, कारण तिला काटे नसतात. ती मी बंद केली. त्यावरून अबोला धरलाय त्यांनी, धरू देत.