मुस्लिम आणि ख्रिस्ती विद्वानांचं एकमत होतच नसेल, तर एकत्र बसून मिळतं काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, मुस्लिम आणि ख्रिस्ती विद्वान वर्षानुवर्षं चर्चेला बसतात, पण कोणीच आपलं मत सोडत नाही, मग त्यातून निघतं काय? आणि दुसरी, धर्माच्या चर्चेत तत्त्वज्ञान कशाला हवं? मी मध्ययुगीन तत्त्वज्ञान शिकवतो आणि तीन वर्षांपासून अशाच एका छोट्या वाचनगटात बसतो, त्यामुळे हा प्रश्न मलाही बऱ्याचदा पडलेला आहे.

एकमत व्हावं हा या बैठकांचा हेतूच नसतो. समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता यावं, हा असतो. ऐकायला किरकोळ वाटतं; करायला गेलं की घाम फुटतो. आपल्या दर्शनग्रंथांत याला पूर्वपक्ष म्हणतात. खंडन नंतर, आधी प्रतिपक्षाची बाजू नीट मांडायची. चार्वाकांचं बरंचसं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं ते त्यांना खोडून काढणाऱ्यांच्याच ग्रंथांतून.

अगदी तसंच एक उदाहरण बगदादचं आहे. नवव्या शतकात तिथे अल-किंदी हा मुस्लिम तत्त्वज्ञ होऊन गेला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या ख्रिस्ती सिद्धांताचं म्हणजे त्रैक्याचं खंडन करणारा एक छोटा निबंध त्याने लिहिला. त्याचा मुद्दा असा: तिघांमध्ये दैवी तत्त्व समान आहे आणि प्रत्येकाला इतर दोघांपासून वेगळं करणारा एकेक विशेष आहे. म्हणजे प्रत्येक जण दोन गोष्टी मिळून झालेला आहे. जे मिळून होतं त्याला कारण लागतं, आणि ज्याला कारण लागतं ते अनादी असू शकत नाही. यात किंदीने कुराणाची आयत पुढे केलेली नाही. पॉर्फिरी या ग्रीक तत्त्वज्ञाच्या तर्कशास्त्राच्या प्रवेशग्रंथातल्या संज्ञा घेतल्या, कारण ते पुस्तक ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या रोजच्या अभ्यासातलं होतं. प्रतिपक्षाला मान्य असलेल्या पुस्तकावरून त्याच्याशी वाद घालायचा, ही त्याची रीत मला फार मोलाची वाटते.

हा निबंध आज आपल्याला मिळतो तो याह्या इब्न अदी (८९३–९७४) या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने त्याला दिलेल्या उत्तरात. याह्याने किंदीचं म्हणणं तुकड्यातुकड्याने उतरवून घेतलं आणि प्रत्येक तुकड्याखाली आपलं उत्तर लिहिलं. याह्याचा एक गुरू अल-फाराबी, म्हणजे मुस्लिम. दुसरा मत्ता इब्न यूनुस, म्हणजे ख्रिस्ती. शिष्यही दोन्ही धर्मांचे. पोटासाठी तो हस्तलिखितांच्या नकला करायचा. त्याच्या ओळखीतल्या इब्न अन-नदीम या ग्रंथसूचीकाराने नोंदवून ठेवलंय की तबरीच्या अवाढव्य कुराणभाष्याच्या दोन प्रती याह्याने स्वतःच्या हाताने केल्या होत्या.

आता तत्त्वज्ञानाचं. कुराण ख्रिस्त्यांना प्रमाण नाही आणि आजची शुभवर्तमानं मुस्लिमांना प्रमाण नाहीत. मग वाद कशाच्या आधारावर घालायचा? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल दोघांपैकी कोणाचाच नव्हता, म्हणून दोघांना चालत होता. खलिफा अल-महदीने तिमथी पहिला या ख्रिस्ती धर्मप्रमुखाकडून ॲरिस्टॉटलचं जे पुस्तक अरबीत करून घेतलं, तेही वाद कसा करावा याच विषयावरचं. पण तत्त्वज्ञानाने भांडण मिटतं असं समजू नका. फाराबी म्हणायचा, ईश्वर हाच अक्ल, आकिल आणि माकूल आहे: बुद्धी तोच, जाणणाराही तोच आणि जाणला जाणाराही तोच. हे त्याने मांडलं ईश्वरात कसलंही अनेकत्व नाही हे दाखवायला. त्याच्याच शिष्याने, याह्याने, हेच तीन शब्द उचलले आणि त्यांवरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावून सांगितले! शब्द तेच, निष्कर्ष उलटे. मतभेद इतका बारीक आणि इतका स्वच्छ झालेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने वस्तू काय आहे आणि ती आहे की नाही हा मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सीनाने केलेला भेद आपल्या विचाराच्या पायात घातला. ॲरिस्टॉटलवर भाष्यं लिहिणाऱ्या इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञाला तो नुसतं ‘भाष्यकार’ म्हणायचा, आणि १२७० साली सर्व माणसांची बुद्धी एकच या मताविरुद्ध त्याच्याशी कडाडून भांडलाही.

यात एक अडचण आहे, ती सांगायलाच हवी. समोरासमोर बसणारे बरोबरीचे असतातच असं नाही. तिमथी आणि अल-महदी यांचा आठव्या शतकातला दोन दिवसांचा संवाद प्रसिद्ध आहे. रात्री अंधाऱ्या घरात मोती पडला, प्रत्येकाच्या हाती काहीतरी लागलं, कोणाच्या दगड, कोणाच्या काच, आणि प्रत्येकाला वाटतंय मोती आपल्याच मुठीत आहे. उजाडल्यावर काय ते कळेल. हा दृष्टांत त्यातलाच. पण एक खलिफा आणि दुसरा त्याची प्रजा. शिवाय हकिगत लिहिली तिमथीनेच. दृष्टांत वाचताना हे विसरू नये.

आपल्या काळातली घटना बहुतेकांना आठवते ती जर्मनीतल्या रेगेन्सबर्गची. सप्टेंबर २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिथल्या विद्यापीठातल्या भाषणात एका बायझंटाइन सम्राटाचं प्रेषित महंमदांबद्दलचं कठोर वाक्य उद्धृत केलं आणि जगभर संताप उसळला. महिन्याभरात ३८ मुस्लिम विद्वानांनी त्यांना खुलं पत्र लिहिलं. लोकांना आठवतं ते वर्षभरानंतर, १३ ऑक्टोबर २००७ रोजी निघालेलं १३८ जणांच्या सह्यांचं निवेदन. ईश्वरावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम या दोन आज्ञा दोन्ही धर्मांत आहेत, असं सांगणारं. मला मात्र पहिलं पत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘धर्मात सक्ती नाही’ ही आयत मुस्लिम दुबळे असतानाच्या काळातली, असं पोप म्हणाले होते. विद्वानांनी दाखवून दिलं की ती मुस्लिमांच्या हाती सत्ता येऊ लागली त्या काळातली आहे. चूक नेमकी कुठे झाली ते सांगणारं पत्र. नोव्हेंबर २००८ मध्ये रोममध्ये दोन्ही बाजूंचे प्रत्येकी २४ प्रतिनिधी बसले, त्याची वाट त्या पत्राने मोकळी केली असं माझं मत आहे.

आमचा गट एवढा मोठा नाही. सात जण, महिन्यातून एक शनिवार, एक उतारा. गेल्या वर्षी सूरा निसातली १७१वी आयत घेतली होती. त्यात ईसांना, म्हणजे येशूंना, ईश्वराचा ‘कलिमा’ म्हणजे शब्द म्हटलंय आणि त्याच आयतीत ‘तीन म्हणू नका’ असंही बजावलंय. चार बैठका त्यातच गेल्या. आमचा एक नियम आहे: आक्षेप घ्यायच्या आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. गटातल्या फादरनी ईश्वराचे गुण आणि त्याचं स्वरूप यांबद्दलचं अशअरी या मुस्लिम विचारपरंपरेचं मत मांडलं: गुण म्हणजे ईश्वरच असंही नाही आणि ते ईश्वराहून वेगळे असंही नाही. मौलाना लगेच ‘हो’ म्हणाले. मग मौलानांची पाळी आली. ते म्हणाले, ‘तीन व्यक्ती.’ फादरनी थांबवलं. मराठीत व्यक्ती म्हटलं की तीन वेगळी माणसं डोळ्यांसमोर येतात. अरबी ख्रिस्ती परंपरेत या तिघांतल्या प्रत्येकाला ‘उकनूम’ म्हणतात, तो शब्द तसा नाही. मौलानांनी पुन्हा मांडलं, पुन्हा अडलं. पाचव्या वेळी फादर म्हणाले, ‘हो, हेच.’

मौलाना थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘इतकी वर्षं मी तीन देव नाकारत होतो. ते तर तुम्हीही नाकारता. मी नक्की काय नाकारतो ते मला आज कळलं.’ आणि त्यांनी नवा आक्षेप घेतला: तिघांत एक गोष्ट समान आणि एकेक वेगळी, तर मग प्रत्येक जण दोन गोष्टींचा झाला ना? किंदी त्यांनी वाचलेला नव्हता. फादरनी उत्तरासाठी पुढच्या शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली.