लिम्फोसाइट आधी मोज

चि. बाळ,

प्रबंधाचा विषय कळवलास, बरं वाटलं. निपाणीची पोर तू, वखारीतल्या तंबाखूच्या धुरळ्यात शिंकत वाढलेली. फुफ्फुसाचा कर्करोगच घेणार, हे मी धरूनच होतो. पण गाठीतल्या पेशींचा डीएनए मोजून रुग्ण किती जगेल ते सांगायचं म्हणतेस, तिथं जरा थांब.

माणसाच्या निरोगी पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए. गाठीतल्या पेशीत त्याच्या किती पट, तो डीएनए इंडेक्स. एक आला तर डिप्लॉइड, ढळला तर ॲन्युप्लॉइड. १९८३ साली हेडली आणि सहकाऱ्यांनी पॅराफिन ब्लॉकमधला, म्हणजे मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यातला डीएनए फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी प्रकाशापुढून नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायची रीत दिली आणि कपाटातले जुने ब्लॉक बोलू लागले. त्यातले रुग्ण जगले की गेले, ते आधीच माहीत होतं ना! मग अभ्यासांचा पाऊस. कुणाला ॲन्युप्लॉइड गाठीचे रुग्ण लवकर गेलेले दिसले, कुणाला काहीच फरक नाही. साहजिक आहे. एकाच गाठीचे दोन कोपरे वेगळे निघतात, आणि पुष्कळांनी स्टेज, म्हणजे रोग किती पसरलाय ते, नीट वेगळी काढलीच नव्हती.

माझी फजिती सांगतो. फॉयल्गेन, म्हणजे डीएनएवर चढणारा रंग, देताना आम्ही स्लाइड ६० अंशांच्या आम्लात ठेवायचो. एकदा वीज गेली, वॉटर बाथ गार पडला, रंग फिका चढला. मी आकडे ताडले आदल्या दिवशी रंगवलेल्या निरोगी पेशींच्या कंट्रोल स्लाइडशी. ॲन्युप्लॉइड गाठी भोळ्याभाबड्या डिप्लॉइड झाल्या, आणि मी खूश! त्याच स्लाइडवरचे लिम्फोसाइट, म्हणजे गाठीत शिरलेल्या निरोगी पांढऱ्या पेशी, मोजले असते तर तेही फिके निघाले असते, चूक तिथंच कळली असती. म्हणून माप त्यांचं, आणि दर स्लाइडवर. शिवाय पातळ काप घेऊन मोजू नकोस गे. चार-पाच मायक्रॉनात केंद्रकच चिरलं जातं, डीएनए कमी भरतो. केंद्रकं अख्खी सुटी करून घे.

तुझ्या तिकडच्या सरांनी सांख्यिकीसाठी माणूस दिलाय म्हणतेस. त्याला पहिल्या दिवशीच सांग, स्टेज धरून हिशोब कर. स्टेज धरल्यावरही डीएनए काही वेगळं सांगत असेल तरच प्रबंधाला अर्थ. आणि खानापूरकडचा कुणी नातेवाईक कॉरिडॉरमध्ये गाठून विचारेल, “बाई, किती दिवस?” तेव्हा प्रबंधातला जगण्याचा आलेख खिशातून काढू नकोस. तो शंभर जणांचा आहे, त्याच्या बापाचा नव्हे.

पहिल्या वीस ब्लॉकांचे हिस्टोग्राम (किती पेशींत किती डीएनए, त्याचे आलेख) घेऊन रविवारी ये. लिम्फोसाइटचे आकडे नसतील तर बसून चहा पिऊ, ब्लॉक परत मोजू.

तुझा,
सर