टेक्ट्रॉनिक्सचा जुना टीएम ५०३ मेनफ्रेम पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतोय, आत प्लगइन एकच आहे. घ्यावा का?

घ्या, पण तपासायचा तो प्लगइन (आत सरकवायचं उपकरण) नाही, तर मेनफ्रेम, म्हणजे अशी उपकरणं बसवायचा आणि त्यांना वीज पुरवणारा डबा. तुम्ही लिहिलंय की आत पीएस ५०३ए हा पॉवर सप्लाय आहे, उरलेले दोन खण रिकामे आहेत, आणि दुकानदार म्हणतो "डबा म्हणजे नुसता ट्रान्सफॉर्मर, त्यात बिघडण्यासारखं काय असतं?" बिघडण्यासारखं बरंच असतं. असली जुनी उपकरणं दुरुस्त करण्यावरच माझं पोट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९७० च्या दशकात आलेल्या या टीएम ५०० मालिकेत प्रत्येक उपकरणाचा अर्धा पॉवर सप्लाय मेनफ्रेममध्ये बसवलेला आहे. मेनफ्रेम साधारण ३३ व्होल्ट धन आणि ऋण देतो, तेही रेग्युलेट, म्हणजे स्थिर, न केलेले. शिवाय प्रत्येक खणाला २५ व्होल्ट एसीची स्वतंत्र वाइंडिंग्ज असतात आणि एनपीएन-पीएनपी अशी पॉवर ट्रान्झिस्टरची एक जोडी (या सप्लायसाठी एक धन बाजूचा, दुसरा ऋण बाजूचा). रेग्युलेशनचं डोकं प्लगइनमध्ये, करंटची हमाली मात्र मेनफ्रेममधल्या त्या जोडीकडे. त्यामुळे उष्णता बाहेर राहते आणि प्लगइन एवढुसा करता येतो. विद्यापीठांच्या अणुभौतिकीच्या लॅबमध्ये दिसणारा निम बिन (एनआयएम मॉड्यूल बसवायची पेटी) याच्या नेमका उलट: तिथे पेटीच ६, १२, २४ व्होल्ट रेग्युलेट करून सगळ्या मॉड्यूलना वाटते.

आता गंमत बघा. खणातला एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की चांगला प्लगइनही वेड्यासारखं वागतो. मग तो 'डेड' म्हणून कवडीमोलाने विकला जातो आणि खरा आजारी मेनफ्रेम पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो. मी असे 'मेलेले' प्लगइन आनंदाने घेतो.

म्हणून तुमचा तो एकच पीएस ५०३ए हीच तुमची तपासणीची किल्ली. तो तिन्ही खणांत आळीपाळीने घालून बघा, आणि प्रत्येक वेळी काढण्या-घालण्याआधी मेनफ्रेम बंद करा, चालू असताना ओढू नका. नुसतं व्होल्टेज बघून समाधान मानू नका. ४७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर गल्लीतच मिळेल. १८ व्होल्ट लावून तो आधी धन बाजूला, मग ऋण बाजूला जोडा. ३८० मिलिअॅम्पिअरच्या आसपास करंट वाहील. या सप्लायची तुमच्या डब्यातल्यासारख्या साध्या खणातली मर्यादा ४०० मिलिअॅम्पिअर आहे. व्होल्टेज ढळलं नाही तर त्या खणाची जोडी शाबूत. ढळलं तर दुसऱ्या खणात तेच करा: तिथे ठीक चाललं तर दोष खणाचा, सगळीकडे ढळलं तर बहुधा प्लगइनचा किंवा म्हाताऱ्या फिल्टर कपॅसिटरचा. (हाच सप्लाय टीएम ५०४ च्या जास्त शक्तीच्या खणात १ अॅम्पिअर देतो. कुणी तसा दावा केला तर भांडू नका, दोघंही बरोबर.)

त्याआधी एक काम मात्र विसरू नका. माल अमेरिकेतून आला असेल तर आतला जम्पर ११० वर असू शकतो. झाकण काढून तो २४० वर करा आणि फ्यूजही त्या हिशोबाचा टाका. प्लगइन जिथे खणाला जोडला जातो त्या एज कनेक्टरवर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एक हात फिरवा. पुण्याच्या चार पावसाळ्यांत गोदामात पडलेल्या मालाचे निम्मे रोग एवढ्यानेच जातात.

रिकाम्या खणांत काय घालायचं? मल्टिमीटर नको. डीएम ५०२ साडेतीन अंकी आहे, आजचा साधा हातातला मीटर तेवढं करतो. फंक्शन जनरेटरही नवाच घ्या. एएम ५०३ हा करंट प्रोबचा (तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या प्रोबचा) अॅम्प्लिफायर दिसला तर मात्र सोडू नका. ए ६३०२ प्रोबबरोबर तो डीसीपासून ५० मेगाहर्ट्झपर्यंत करंट थेट ऑसिलोस्कोपवर (स्कोपवर) दाखवतो, आणि नव्याने असं काही घ्यायचं तर खिसा रिकामा होतो. प्रोबशिवाय नुसता अॅम्प्लिफायर घेऊ नका. दुसरा एसजी ५०३: २५० मेगाहर्ट्झपर्यंत एकसारखी उंची देणारी साइन लहर, स्कोपची बँडविड्थ (तो किती फ्रिक्वेन्सीपर्यंत नीट दाखवतो ते) तपासायला. त्याची मूळची केबल सोबत मागा, कारण उंचीची हमी त्या केबलसकट आहे.

आणि नंतरच्या टीएम ५००० मालिकेचे प्लगइन स्वस्तात दिसले तरी हात लावू नका. ५०० चे बहुतेक प्लगइन ५००० च्या मेनफ्रेममध्ये चालतात, ५००० चे तुमच्या टीएम ५०३ मध्ये चालत नाहीत.