वाचक विचारतात: चांदीचे मणी आणि न जाणारा पिवळा रंग

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कॅल्शियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलच्या) मण्यांत चांदीचे नॅनोकण उत्प्रेरक म्हणून बसवले. सोडियम बोरोहायड्राइड घालून पिवळ्या 4-नायट्रोफिनॉलचं क्षपण (रिडक्शन) दोनदा छान झालं. त्याच मण्यांनी तिसऱ्या खेपेला 400 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण, म्हणजे पिवळेपणाचं माप, अर्ध्यावर येऊन अडकलं. उत्प्रेरक निकामी झाला का?

उत्तर: लगेच तसं ठरवू नका. बोरोहायड्राइडमुळे द्रावण अल्कधर्मी होतं आणि नायट्रोफिनॉलचा पिवळा आयन 400 नॅनोमीटरच्या आसपास शोषतो. चांदीचे बारीक कणही नेमके तिथेच शोषतात. त्यामुळे मण्यांतून चांदी बाहेर आली असेल, तर क्षपण पूर्ण होऊनही आकडा खाली येत नाही.

खात्री करायला मणी काढून घ्या आणि फ्यूम हूडमध्ये उरलेल्या द्रावणात विरल ॲसेटिक ॲसिड थेंबाथेंबाने घाला. हायड्रोजनचे बुडबुडे जोरात येतील, तेव्हा घाई नको आणि जवळ ज्योत नको. पिवळेपणा गेला आणि 317 नॅनोमीटरला शिखर दिसलं, तर नायट्रोफिनॉल शिल्लक आहे. पिवळेपणा राहिला, तर ती चांदी आहे.

चांदी सुटते कारण मणी सैल पडतात. दर खेपेला बोरोहायड्राइडबरोबर सोडियम येतं, ते अल्जिनेटचं जाळं बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा हळूहळू घेतं आणि जाळं फुगतं. बोटांत धरून दाबून पाहा: ताजा मणी परत गोल होतो, फुगलेला चपटाच राहतो. दोन खेपांच्या मध्ये मणी 0.1 मोलर कॅल्शियम नायट्रेटमध्ये (चतुर्जलीय क्षार 2.36 ग्रॅम, 100 मिलिलिटर पाण्यात) अर्धा तास ठेवा आणि मग धुवा. फॉस्फेट बफर मात्र अजिबात वापरू नका, तो कॅल्शियम ओढून घेऊन मणीच विरघळवतो. मॅग्नेटिक स्टररची कांडीही मणी भरडते, त्याऐवजी शेकर घ्या.

ॲसिडनंतर 317 चं शिखर दिसलं, तर आधी बोरोहायड्राइड तपासा. सकाळचं द्रावण दुपारी वापरलं असेल तर ते पाण्यात बरंचसं संपलेलं असतं. 10 मिलिलिटर बर्फगार पाण्यात 38 मिलिग्रॅम, तेही वापरायच्या वेळीच करा. यातलं 0.3 मिलिलिटर घेऊन एकूण 3 मिलिलिटर केलं, की 0.1 मिलिमोलर नायट्रोफिनॉलच्या शंभरपट होतं.

चांदी नसलेल्या मण्यांची एक खेपही हवीच. मण्यांतल्या पाण्याने द्रावण पातळ होतं आणि शोषण थोडं उतरतं, ते क्षपणाच्या खात्यात जमा होता कामा नये.

प्रश्न: सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकताच मणी दुधासारखे पांढरे होतात. का?

उत्तर: मणी कॅल्शियम क्लोराइडमध्ये पाडले असणार आणि ते नीट धुतले गेले नसणार. आत राहिलेल्या क्लोराइडने सिल्व्हर क्लोराइडचा साका धरला. कितीही धुतलं तरी मण्याच्या पोटातलं क्लोराइड सावकाश निघतं, म्हणून 2 टक्के सोडियम अल्जिनेट सरळ कॅल्शियम नायट्रेटमध्येच थेंब थेंब सोडा. नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्ये अंधारात मुरवा आणि बोरोहायड्राइडआधी एकदा पाण्यातून काढा. नाहीतर मण्यांवर चिकटलेल्या द्रावणातली चांदी बाहेरच क्षपित होते आणि पहिल्याच खेपेला पाणी पिवळं दिसतं.