खाडीकाठचा पाडा नकाशावर शोधताना

प्रश्न : आजोबा खाडीकडच्या एका जुन्या पाड्याचं नाव घ्यायचे. आज तिथे इमारती आहेत. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशावर तो पाडा आणि आमची जमीन सापडेल का? – एक वाचक, घणसोली

उत्तर : पाडा सापडू शकेल, जमीन नाही. या नकाशांवर सर्व्हे नंबर नसतात, खातेदार तर नाहीतच.

आधी शीट, म्हणजे नकाशाचा क्रमांक दिलेला तुकडा, नेमकी घ्या. नवी मुंबई चार शीटच्या कोपऱ्यावर वसलीय. ७३ पूर्व रेखांश घणसोलीच्या अगदी जवळून जातो, त्यामुळे ४७ ए/१६ आणि ४७ ई/४ दोन्ही लागतील. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. सर्वेक्षण त्याआधीचं हवं, म्हणजे शक्यतो इंचाला मैल (१:६३,३६०) मापाची आवृत्ती. छपाईच्या वर्षावर जाऊ नका. समासात सर्वेक्षणाचं वर्ष वेगळं दिलेलं असतं आणि दोन्हींत बरंच अंतर असू शकतं.

नकाशात पारसिकचा डोंगर आणि खाजण (खाडीकाठची सखल, खारी जमीन) यांमधली चिंचोळी पट्टी बघा. जुनी गावठाणं तिथेच आहेत. खाजणात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) शोधू नका. त्या ५० फुटांच्या अंतराने काढलेल्या, आणि ही जमीन त्याहून खाली. तिथे बांध, मिठागरं, विहिरी याच खुणा. ओसाड गावाची खूण वस्तीच्या गावापेक्षा वेगळी असते, ती नकाशावरच्या खुणांच्या सूचीत ताडून पाहा. नावाचं स्पेलिंग इंग्रजी कानाने ऐकलेलं असतं, तेव्हा मोठ्याने वाचा.

जुना नकाशा आजच्या नकाशावर चढवायचा तर क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर पुरे. पण जुने अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट या मोजणीपद्धतीचे, मोबाईलचे डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या पद्धतीचे. नुसते कोपरे जुळवले तर शंभरेक मीटरची चूक येते. म्हणून जुनं देऊळ, तलाव, डोंगराचं टोक, पारसिक बोगद्याचं तोंड असे न हललेले पाच-सहा बिंदू घ्या. खाडीची कड मात्र नको, भरावाने ती सरकली आहे. एवढं करूनही कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६३ मीटर, तेव्हा घराचा उंबरठा शोधायला जाऊ नका.

जमिनीसाठी भूमी अभिलेखचा गाव नकाशा, जुने सातबारा आणि फेरफार काढा. घराण्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये मिळतात. आजोळ पनवेल-उरणकडचं असेल तर १९८१ पूर्वीच्या कागदांवर जिल्हा ‘कुलाबा’ लिहिलेला असेल.