तिसऱ्या वर्षातून काढून कोर्सला घालायचं?

औशाहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी परभणीला बीएस्सी कृषीच्या तिसऱ्या वर्षाला. 'शेतीत काय ठेवलंय' म्हणून तिला काढून पुण्यात 'प्रॉम्प्ट इंजिनिअर'च्या, म्हणजे एआयला कसं विचारायचं ते शिकवणाऱ्या, सहा महिन्यांच्या कोर्सला घालायचं ठरलंय. फी 85 हजार, सोयाबीन विकलं की भरणार.

तुमच्या पत्रात पाहुण्यांच्या पोराचं पॅकेज तीनदा आलंय. लेकीबद्दल मात्र एकच वाक्य: 'तिला त्यातलं कळत नाही.' मला घोर लागला तो इथं. घरापासून लांब राहून दोन वर्षं पास झालेल्या पोरीला कळत नाही, हे ठरवलं कुणी? भावकीत सांगायला बरं वाटावं म्हणून तिचं शिक्षण मोडू नका.

एआयला विचारायचे काही गुप्त मंत्र असतात आणि ते फी भरून मिळतात, हा समज आधी डोक्यातून काढा. काम काय, कुणासाठी, हाताशी माहिती कोणती, उत्तर कसं हवं हे सांगायचं; जमलं तर एखादा नमुना द्यायचा; चुकलं तर दुरुस्त करून परत विचारायचं. मोबाईलवर फुकटात हात बसतो. 'टप्प्याटप्प्याने विचार कर' असं सांगितलं की एआयचं मॉडेल गणितं जास्त बरोबर सोडवतं, हे 2022 साली संशोधकांनी दाखवलं. आताची बरीच मॉडेल्स न सांगताच तसं करतात. मग त्या वाक्याची फी कशाला?

'सोयाबीन पिवळं पडलं, काय करू?' असं विचारलं तर मोघम उत्तर येणार. तुमची लेक विचारेल: 'पेरून 35 दिवस, भारी काळी जमीन, आठ दिवस पाणी साचलेलं, कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. लोहाची कमतरता की पिवळा मोझॅक रोग? दोन्हींच्या खुणा सांग, औषध सुचवू नको.' शिरांकडे बघायचं हे तिला परभणीत कळलं. आणि एआय बिनदिक्कत चुकीचंही सांगतं. ते पकडायलाही तेच शिक्षण लागतं.

डिग्रीनंतर एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतला कृषी अधिकारी, एमएस्सी हे रस्ते आहेतच. ते तिला ठाऊक असणार.

ॲडव्हान्स दिला असेल तर आजच फोन करून परत मागा. आणि हे उत्तर तिला वाचायला द्या, मग तिचं म्हणणं तिलाच लिहू द्या. तुम्ही तिच्या वतीने लिहू नका.